माहेरी गेलेला गाळ

लांजेवार मॅडमनी मला सर्वांत आधी काय विचारलं असेल, तर "कपडे कोणत्या पावडरीनं धुता?" मी नोकरीवर रुजू व्हायला आलो होतो. सांडपाण्याच्या प्लांटवर मशिनरीचा इंजिनियर म्हणून पहिलाच दिवस. अंगात बहिणीनं धुऊन, इस्त्री करून दिलेला शर्ट. मॅडमनी खुर्ची दाखवली, जरा पुढे झुकून श्वास घेतला आणि पावडरीचं नाव विचारलं. मी सांगितलं. त्या म्हणाल्या, "वाटलंच मले. बम फेस होते तिचा. बसा, चहा घ्या."

आमचा प्लांट भंडारा जिल्ह्यातल्या एका गावाच्या टोकाला, वैनगंगेच्या काठी आहे. गावाचं नाव सांगत नाही. तिथे अजून माणसं नोकरी करतात. गावातल्या मोऱ्यांचं, न्हाण्यांचं, संडासांचं पाणी तिथे येतं, टाक्यांतून फिरतं, निवळतं आणि नदीत सोडलं जातं. तळाशी काळा दाट गाळ बसतो. तो एका बंद टाकीत कुजवायचा, निघेल तो गॅस काढून घ्यायचा, मग उरलेला गाळ वाळूच्या वाफ्यांवर पसरून वाळवायचा, असं ते काम.

मॅडम तिथल्या केमिस्ट. वय पन्नाशीला टेकलेलं. धुऊन धुऊन रंग गेलेली सुती साडी, पदर कमरेला खोचलेला आणि पायात गुडघ्यापर्यंत काळे गमबूट. त्याच वेषात त्या बँकेत जात, भाजी घेत, शेजारच्या घरी हळदीकुंकवालाही एकदा तशाच जाऊन आल्या होत्या. केसांना शिकेकाई, अंगाला साधा साबण. अत्तर, सेंट, वासाची पावडर यांतलं काही नाही. मजूरबायकांपैकी शेवंताबाई त्यांना चिडवायची, "मॅडम, साहेब लोक येऊन राहिले, आज तरी थोडा सेंट मारा जी." मॅडम हसायच्या, पण बऱ्याच उशिरानं. विनोद त्यांच्यापर्यंत पोचायला वेळ लागायचा. पुढचं काम सुरू झालेलं असायचं आणि मागच्या विनोदावर त्या हसत असायच्या.

सकाळी आल्या की पहिल्यांदा गावाचं पाणी जिथून आत येतं त्या फाटकापाशी जाऊन उभ्या राहत. तिथल्या वासानं नवा माणूस तोंड फिरवतो. त्या मात्र शांतपणे उभ्या राहून गावाची खबर घेत. "दिवाळी जवळ आली, पडदे धुऊन राहिले लोक." "लग्नाच्या पंगती झाल्या वाटते, तेल उतरलं आहे." रंगपंचमीनंतर तर पाणी बघूनच सगळं कळायचं. त्यांना गावात नावानिशी ओळखणारी माणसं थोडी होती, पण गावाच्या घराघरात काय चाललंय ते त्यांना तिथून कळायचं.

त्यांचा एक प्रश्न ठरलेला असे. "गेलं कुठं?" कोणी सांगितलं, शर्टावरचा डाग गेला, की त्या विचारणार, "गेला कुठं?" पंपाचं तेल संपलं, "गेलं कुठं?" सुरुवातीला मला वाटायचं, ही नुसती सवय आहे. मग एकदा एक मोठे अधिकारी पाहणीला आले, तेव्हा मला तो प्रश्न समजला.

पाहुणे आले की आमच्याकडे एक रीत होती. बाहेर पडणारं स्वच्छ पाणी काचेच्या भांड्यात भरून उजेडात धरायचं. पाहुणे ते बघत, मान डोलवत, फोटो काढत. त्या दिवशी अधिकाऱ्यांनी तसंच पाणी बघितलं आणि म्हणाले, "वा. सगळी घाण गेली की."

मॅडम मागे उभ्या होत्या. म्हणाल्या, "साहेब, या इकडे. कुठं गेली ते दाखवते."

मॅडम त्यांना मागच्या वाफ्यांवर घेऊन गेल्या. वाळत घातलेला गाळ भेगा पडून पसरला होता. मॅडमनी एक ढेकूळ उचललं, हातमोज्यावर ठेवलं.

"पाण्यातून काढलं ते इथं आलं साहेब. जंतू बरेचसे मरतात. पण साबणातला उरलेला अंश, प्लास्टिकमधला, गर्भनिरोधक गोळ्यांमधला, हे गाळाले चिकटून बसते. आपल्या शरीरात आतल्या आत निरोप फिरत असतात. आता वाढ, आता थांब, आता अंडी धर. ही रसायनं अगदी त्या निरोपावाणी दिसतात. शरीर फसते. मासोळीचं तर फारच लवकर फसते. नरामध्ये मादीची लक्षणं दिसाले लागतात."

अधिकारी चांगले होते, त्यांनी मध्येच तोडलं नाही. ऐकून घेतलं आणि विचारलं, "याची मर्यादा किती घालून दिली आहे?"

"गाळासाठी आपल्याकडे नाही दिली."

"मग तुम्ही मोजता कसं?"

"मोजत नाही. मोजाचं यंत्र नाही इथं. डोळ्यानं दिसत नाही, नाकानं तर नाहीच नाही." हे सांगताना त्यांचा आवाज खाली गेला. ज्या नाकावर त्यांचा एवढा भरवसा, ते या बाबतीत कामाचं नव्हतं.

अधिकारी म्हणाले, "मॅडम, तुमचा अभ्यास दांडगा आहे. लिहा यावर काहीतरी." मग चहा झाला आणि त्यांची गाडी गेली.

त्यानंतरच्या हिवाळ्यात त्यांनी ढिगांचं काम हाती घेतलं. त्यांनी वाचलं होतं आणि आम्हाला जेवणाच्या सुट्टीत समजावून सांगितलं होतं, की बंद टाकीत हवा नसते, म्हणून साबणातलं ते रसायन तिथे अर्धवटच तुटतं आणि अर्धवट तुटलेलं मुळापेक्षा जास्त वाईट असतं. त्याला हवा मिळाली, ऊब मिळाली आणि वेळ मिळाला तर जिवाणू ते पुढे खाऊन टाकतात. म्हणून टाकीतून निघालेला गाळ त्यांनी मागच्या पडक्या शेडमध्ये नेला. त्यात धानाची तणस मिसळली, राइस मिलमधला कोंडा मिसळला आणि लांबट ढीग घातले. शेवंताबाई आणि दोघी बायका ते ढीग वरखाली करायच्या. मॅडम स्वतः फावडं घेऊन उभ्या असत. लांब दांड्याचा थर्मामीटर ढिगात खुपसून, डोळे बारीक करून बघत आणि चांगली ऊब धरली असली की मला हाक मारत, "ठवकर, हात लावून पाहा. ताप आला आहे याले."

पहाटेच्या गारठ्यात त्या ढिगांतून वाफ निघायची. शेवंताबाई म्हणायची, "मॅडम, पोरावाणी जपून राहिल्या तुम्ही या गाऱ्याले."

"पोरं आपलं काम आपण करतात. याले हलवावं लागते," मॅडम म्हणायच्या.

दूरच्या एका मोठ्या शहरातल्या संस्थेत त्यांच्याबरोबर शिकलेली एक मैत्रीण होती. तिच्याकडे यंत्र होतं. तिनं मैत्रीखातर नमुने तपासून द्यायचं कबूल केलं. बाटल्या बर्फात ठेवून मॅडम स्वतः रेल्वेनं घेऊन गेल्या. पुष्कळ दिवसांनी फोन आला तेव्हा मी त्यांच्याच खोलीत पंपाचा आवाज का येतो ते सांगत होतो. त्यांनी फोन ऐकला, खाली ठेवला आणि टेबल पुसायला लागल्या. टेबल स्वच्छच होतं. मी विचारलं, "काय झालं?"

"तुटलं," त्या म्हणाल्या. "टाकीतल्या गाळात तसंच आहे. ढिगात तुटलं. साबणवालं बरंचसं, गोळीवालंही पुष्कळ."

"सगळं?"

"सगळं नाही हो. काही हट्टी असतात. पण तुटते, ठवकर. आपल्या तणशीनं तुटते."

त्या दिवशी त्यांनी चौकातून सगळ्यांसाठी आलुबोंडे मागवले. वॉचमनपासून सगळ्यांना स्वतःच्या हातानं वाढले. एवढ्या आनंदात मी त्यांना आधी कधी पाहिलं नव्हतं आणि नंतरही नाही.

त्यांना पुढे फार काही नको होतं. शेडवर धड छप्पर, ढीग फिरवणारं एक यंत्र आणि गाळ उचलण्याआधी काही महिन्यांची सवड. त्यांनी वर कळवलं. वरून उत्तर आलं की प्रक्रिया मंजूर आराखड्याप्रमाणे पूर्ण होत आहे, जास्तीचं काम करायची गरज नाही. त्यांनी पुन्हा कळवलं. मग उत्तर आलंच नाही. उन्हाळा सरत आला तशी सूचना आली, पावसाच्या आत आवार रिकामं करा.

गाळ शेतकरी फुकट नेत. धानाच्या पऱ्ह्यांना, म्हणजे लावणीआधीच्या रोपांना, तो चांगला मानवतो, रोपं कशी काळीभोर होतात. सकाळपासून ट्रॅक्टर लागले. वाफ्यांवरचा गाळ संपला, तसे ट्रॅक्टर शेडकडे वळले. मॅडम आडव्या उभ्या राहिल्या.

"हे अजून झालं नाही. याले राहू द्या. बाकी सगळं न्या."

ड्रायव्हर तरुण होता. म्हणाला, "बाई, मले तर सगळं सारखंच दिसून राहिलं."

आमच्या साइट मॅनेजरनं त्यांना बाजूला बोलावलं. तो त्यांच्याशी वाईट वागला नाही. "मॅडम, पाऊस पडला अन् हे नदीत गेलं तर माझी नोकरी जाईल," एवढंच म्हणाला. ते खरं होतं. मॅडम बाजूला झाल्या. अर्धेकच्चे ढीग भरले गेले. ट्रॉली भरताना आतली वाफ बाहेर आली.

त्या ट्रॅक्टरांतला एक त्यांच्या भावाचा होता. करडी गावाच्या पुढे त्यांचं माहेर. तिथे तळ्याच्या वरच्या अंगाला त्यांच्या घराच्या धानाच्या बांध्या आहेत. वामनभाऊ स्वतः ट्रॉलीवर बसून आले होते. बहिणीला बघून त्यांना आनंद झाला होता. मॅडम त्यांना म्हणाल्या, "दादा, तू नको नेऊ हे."

"काहून? तुझ्याच प्लांटचं खत, अन् तूच नाही म्हणते? सगळं गाव नेऊन राहिलं."

"अजून थोडं कुजाले पाहिजे."

"धान मरते का यानं?"

"नाही. धान चांगलंच येईल."

"मग?"

"पावसात धुपून तळ्यात उतरते दादा. तळ्यात मासोळ्या आहेत."

वामनभाऊंनी खांद्यावरचा दुपट्टा झटकला. "तळ्यात सगळ्या गावाचं पाणी उतरते, बाई. माझ्या एकट्याचं उतरते का?" आणि त्यांनी ट्रॅक्टर सुरू करायला सांगितलं. ते रागावले नव्हते. जाताना त्यांनी बहिणीला धानाच्या रोवणीला ये म्हणून सांगितलं.

मधे काही पावसाळे गेले. ढीग पुन्हा घातले, पुन्हा उचलले गेले. मग एका दुपारी मोतीराम नान्हे प्लांटवर आला. त्या तळ्यावर पिढ्यान्‌पिढ्या मासेमारी करणाऱ्या घरांतला हा वयस्क माणूस. मॅडम माहेरवाशीण, म्हणून तो त्यांना बाई म्हणायचा. खुर्ची दिली तरी तो उंबऱ्याजवळच बसला.

"बाई, मरळ पिल्लं घेऊन फिरून नाही राहिली," तो म्हणाला.

मला कळेना. मॅडमना कळलं. मरळ ही मासोळी आपल्या पिल्लांचा तांबडा थवा पाण्याच्या वरच्या अंगाला घेऊन हिंडते. पावसाळ्यात तळ्याच्या पाळेवर, म्हणजे बांधावर, उभं राहिलं की तो दिसतो. मोतीराम सांगत होता, आधी जागोजागी दिसायचे, आता शोधावे लागतात. बाजारातून आणून सोडलेलं रोहू-कतल्याचं बीज वाढतं, पण तळ्याची स्वतःची मासोळी कमी झाली. गावातला एक शिकलेला मुलगा म्हणत होता, की प्लांटच्या खतानं झालं.

"तुम्ही सांगा बाई. तुम्ही म्हटलं, तर आम्ही मच्छीमार सोसायटीकडून वर अर्ज देऊ. तुमच्या खतानंच झालं ना?"

मॅडम उठल्या. मला म्हणाल्या, "ठवकर, गाडी काढता का?"

मोटारसायकलवर मागे बसवून मी त्यांना तळ्यावर घेऊन गेलो. पाळेवर गावची माणसं जमली होती. वामनभाऊही होते. पलीकडे धान चांगलं उभं होतं. मॅडम पाण्याच्या कडेनं बरंच चालल्या, खाली वाकून पाणी बघितलं, वर येऊन उभ्या राहिल्या. मोतीराम एका बाजूला, भाऊ दुसऱ्या बाजूला. एकाला त्यांच्या तोंडून "हो" ऐकायचं होतं, दुसऱ्याला "नाही".

"होऊ शकते," मॅडम म्हणाल्या. "पण खतानंच झालं असं मी सांगू शकत नाही. फवारणी वाढली आहे. गाळ साचून तळं उथळ झालं आहे. बेशरमाची झुडपं माजली आहेत कडेनं. मासोळी चिरून, नीट तपासून पाहिल्याशिवाय कोणीच सांगू शकत नाही."

"मग तपासा ना बाई."

"ते इथं होत नाही, मोतीरामभाऊ."

"मग कुठं होते?"

मॅडमची ती मैत्रीण तोवर निवृत्त झाली होती. तिच्या संस्थेत आता नमुने घेत नव्हते. दुसरीकडे विचारलं तर तिथल्या यादीत ही रसायनंच नव्हती. हे सगळं त्या पाळेवर उभं राहून कशा सांगणार. त्या म्हणाल्या, "मी पाहते."

वामनभाऊ सगळ्यांसमोर म्हणाले, "एवढं शिकून तुले हो का नाही ते सांगता येत नाही?"

त्या पाळेवरून उतरून मोटारसायकलपाशी आल्या.  परतताना मी आरशात बघितलं तर ओठ घट्ट मिटलेले होते.

खरं वाईट पुढे झालं. पाळेवर त्या "होऊ शकते" म्हणाल्या होत्या. ते गावातून बाजारापर्यंत पोचेतो "प्लांटच्या मॅडमनं सांगितलं, त्या तळ्याच्या मासोळीत औषध आहे" असं झालं. मोतीरामची बायको देवकाबाई भंडाऱ्याच्या बाजारात मासोळी घेऊन बसते. गिऱ्हाईक तिला विचारायचं, कुठल्या तळ्याची? ती खोटं बोलायची नाही. गिऱ्हाईक पुढे जायचं. संध्याकाळी ती टोपलं तसंच घेऊन एसटीनं परत यायची.

मोतीरामनं मॅडमना फोन केला तेव्हा त्यांनी तो स्पीकरवर ठेवला होता, कारण हात गाळानं भरले होते.

"बाई, एकडाव सांगून द्या ना, की मासोळी खायाले चालते."

मॅडमनी कोपरानं फोन जवळ ओढला.

"मले माहीत नाही, मोतीरामभाऊ. चालत असेल. थोड्याथोडक्यानं माणसाले काही होत नसेल. पण मी पाहिलं नाही, तर चालते कसं म्हणू?"

"मग चालत नाही म्हणता का?"

"तेही नाही म्हणत."

फोनमधून कुठल्याशा गाडीचा आवाज येत राहिला. मग मोतीराम म्हणाला, "खोटं नोका बोलू, बाई. पण काहीतरी बोला."

 फोन बंद झाला. त्या नळाखाली हात धुवायला गेल्या आणि बराच वेळ नळ वाहत राहिला.

त्यानंतर त्या थकल्यासारख्या दिसायला लागल्या. फाटकापाशी उभ्या राहत, पण गावाची खबर सांगत नसत. शेवंताबाईनं काही विचारलं तर "हं" म्हणत. तरी ढीग घालणं त्यांनी सोडलं नाही. शेडचं छप्पर एका वादळात उडालं, तेव्हा त्यांनी ताडपत्री आणून बांधली आणि ढीग फिरवत राहिल्या. गावाचा सगळा गाळ तिथे मावण्यासारखा नव्हता. त्या एका कोपऱ्यातल्या गाळाचंच तेवढं करत होत्या आणि बाकीचा गाळ त्यांच्या डोळ्यांसमोर ट्रॉल्यांमध्ये भरला जात होता. माहेरी त्यांचं जाणं कमी झालं. वामनभाऊंनी त्या वर्षी रोवणीचं बोलावणं केलं नाही.

मग प्लांटचं काम दुसऱ्या कंत्राटदाराकडे गेलं. नव्या माणसांनी हिशेब लावला, की केमिस्ट रोज लागत नाही, अधूनमधून येऊन गेला तरी चालेल. मॅडमनी वाद घातला नाही. जाण्याच्या दिवशी शेवंताबाई रडली. मॅडमनी तिला ढीग कसा वरखाली करायचा ते पुन्हा एकदा दाखवलं, जणू ती ते विसरली होती. गमबूट धुऊन पिशवीत घातले आणि चपला घालून रिक्षात बसल्या. चपलांत त्यांना मी पहिल्यांदाच पाहत होतो. पाय फार लहान होते त्यांचे.

त्या अड्याळकडच्या एका कॉलेजात शिकवतात असं कोणी म्हणालं. कोणी म्हणालं, घरीच असतात. मी चौकशी करायची म्हणत राहिलो.

मागच्या हिवाळ्यात बहिणीच्या घरी वास्तुशांत होती म्हणून पितळेची समई घ्यायला मी भंडाऱ्याला गेलो होतो. समई घेतली आणि बाजारातून बाहेर पडताना मासोळीच्या रांगेपाशी मॅडम दिसल्या. पाठमोऱ्या होत्या, पण त्या साडीमुळे ओळखल्या. त्या देवकाबाईच्या टोपल्यासमोर उभ्या होत्या. आजूबाजूच्या बायकांपुढे गिऱ्हाईक होतं. देवकाबाईपुढे त्या एकट्याच होत्या.

मी हाक मारणार होतो. पण देवकाबाईनं मान वर केली, ओळखलं आणि नजर खाली घातली, ते बघून मी थांबलो.  टोपल्यात मरळ होत्या, चांगल्या हातभर. देवकाबाईनं उगाच त्यांच्यावर पाणी शिंपडलं.

"आपल्याच तळ्याची आहे?" मॅडमनी विचारलं.

"हो, बाई. दुसरी कुठून आणू?"

मॅडमनी पिशवी उघडली. "द्या."

"कोणती देऊ?"

"मोठी द्या."

देवकाबाई त्यांच्याकडे बघत राहिली. मग तिनं मोठी उचलली, तोलली, पिशवीत घातली. साफ करून देऊ का, असं तिनं विचारलं. मॅडम नको म्हणाल्या. पिशवी त्यांनी दोन्ही हातांनी धरली, वळल्या आणि माझ्या अगदी जवळून गेल्या. त्यांचं लक्ष नव्हतं. ती मासोळी त्या खाणार होत्या, की घरी नेऊन चिरून बघणार होत्या, की कुठे पुरून टाकणार होत्या, ते मला आजही ठाऊक नाही.

रस्त्यापलीकडे ऑटो उभा होता. त्या आत बसल्या, पिशवी मांडीवर घेतली. इकडे देवकाबाई उठून उभी राहिली होती. तिनं पदर सारखा केला आणि मोठ्यानं हाक द्यायला सुरुवात केली, "मरळ घ्या जी, ताजी मरळ. आताच प्लांटच्या मॅडमनं नेली."

एक बाई थांबली. मग आणखी एक. ऑटो सुरू झाला नव्हता, हाक तिथपर्यंत पोचत होती. मॅडमनी मान वळवली नाही. समोर बघत बसून राहिल्या.